उलव्याची हळद आणि कोरी तबकडी

पनवेल तालुक्यातील उलवे आणि त्याच्या शेजारची आगरी-कोळी गावे यांत लग्नाच्या गीतांना पूर्वापार कोणी मालक नव्हता. धवलारीण, म्हणजे लग्नगीते गाणारी बाई, धवले म्हणजे ती गीते गाई, मागे बसलेल्या लेकीसुना ते ऐकता ऐकता मुखोद्गत करीत, आणि असे गीत उचलण्यास कोणी चौर्य म्हणत नसे. गीतावर निर्मात्याचा स्वामित्वहक्क असतो व त्याची अनधिकृत नक्कल हा दंडनीय अपराध आहे, ही कल्पना या खाडीकाठी ध्वनिमुद्रणाबरोबर आली. आणि ती लोकांच्या अंगवळणी पडण्यापूर्वीच कोरी सीडी बाजारात येऊन पोहोचली.

फिलिप्स व सोनी यांनी १९८२ साली विक्रीस आणलेली मूळ तबकडी कारखान्यातच साच्याने ठसवली जाई. तिची नक्कल करू पाहणाऱ्यास कारखानाच उभारावा लागला असता, आणि तोच तिचा सर्वांत मोठा पहारेकरी होता. जपानच्या तायो युडेन कंपनीने १९८८ च्या सुमारास सिद्ध केलेल्या लेखनक्षम तबकडीने हा पहारा उठवला. १२० मिलिमीटर व्यासाच्या पारदर्शक चकतीवर सेंद्रिय रंगाचा एक पातळ थर आणि त्यावर धातूचा परावर्तक मुलामा, एवढीच तिची रचना. लेसरच्या उष्णतेने रंग जेथे पालटतो, तेथे वाचणाऱ्या किरणास कारखान्यात ठसवलेला खळगाच भासतो. कॅसेटीवरून कॅसेट काढली की दर पिढीस खरखर वाढत जाई, म्हणून अस्सल प्रत विकत घेण्यास काही कारण उरत असे. तबकडीच्या बाबतीत, अंक जसेच्या तसे उतरत असल्यामुळे, शंभरावी नक्कलही पहिल्या प्रतीच्या तोडीची निघे. त्यात एमपीथ्रीच्या संक्षेपाने ७०० मेगाबाइटांच्या एका तबकडीत सुमारे बारा तासांचे संगीत मावू लागले.

भारतात ग्रेटर नोएडाच्या मोझर बेअर कंपनीने १९९९ पासून कोऱ्या तबकड्यांचे विपुल उत्पादन आरंभिले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर त्या पन्नास-पन्नासांच्या डब्यांनी मिळत, आणि १९९८ मध्ये हार्बर मार्गाची लोकल पनवेलपर्यंत आल्यावर असा डबा पिशवीत घालून घरी आणणे हे कोणाही संगणकधारकास सुलभ झाले. ‘एक सीडी राइट करून दे’ हे शब्द तेव्हा घरोघरी ऐकू येत.

कायदा या व्यवहारापासून बेखबर नव्हता. १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमात १९८४ साली झालेल्या दुरुस्तीने किमान सहा महिने व कमाल तीन वर्षे कारावासाची तरतूद केली, पोलीस उपनिरीक्षकास वॉरंटाशिवाय जप्तीचा अधिकार दिला, आणि प्रत्येक ध्वनिमुद्रिकेवर निर्मात्याचे व हक्कधारकाचे नाव-पत्ते व प्रथम प्रकाशनाचे वर्ष छापणे सक्तीचे केले. या तिन्ही तपशिलांच्या जागी नकली तबकडीवर काळ्या मार्करने घाईने लिहिलेले ‘आगरी-कोळी हळद मिक्स’ असे चार शब्द असत. गीतकार, गायक, वादक यांपैकी कोणाचाही मागमूस नसे. याच अधिनियमाने १९९४ च्या दुरुस्तीनंतर विवाह आणि त्यास जोडलेले समारंभ यांत गीत वाजवण्यास मुभा दिली आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे: हळदीच्या मांडवात तबकडी वाजवणे निर्दोष, आणि तीच तबकडी उतरवून विकणे अपराध, एवढे सूक्ष्म अंतर त्या मांडवात कोणाच्या ध्यानी यावे?

मोठ्या कंपन्यांचे नुकसान झाले हे खरे, पण त्यांस सिनेमाच्या गीतांची अखिल भारतीय पेठ होती. आगरी बोलीत गाणाऱ्या कलावंताची पेठ उरण, पनवेल, अलिबाग, ठाणे, वसई एवढ्याच पट्ट्यात; तेथे एक तबकडी घेऊन तिच्या नकला आप्तस्वकीयांत वाटल्या गेल्या की त्याचे गिऱ्हाईकच सरे. ज्या गाण्यावर गाव नाचे, त्या गाण्याच्या कर्त्यास गावानेच रिकाम्या हाताने परत पाठवावे, हा अन्याय मला कंपन्यांच्या हानीहून अधिक जिव्हारी लागतो.

महाराष्ट्राने २००९ साली झोपडपट्टीदादा व हातभट्टीवाले यांच्याविरुद्धच्या १९८१ च्या स्थानबद्धता कायद्यात ‘व्हिडिओ पायरेट’ हा वर्ग समाविष्ट केला. तोवर मोबाइलच्या दुकानांत मेमरी कार्डात गाणी भरून देण्याचा धंदा तेजीत आला होता आणि तबकडीचे दिवस भरत आले होते. मोझर बेअरही २०१८ मध्ये अवसायनात गेली.

कपाटांत उरल्या आहेत त्या लग्नांच्या तबकड्या. त्यांच्या चित्रणावर छायाचित्रकाराने बिनपरवाना चढवलेली सिनेमाची गाणी आहेत. परंतु मधूनच ती थांबतात, आणि धवलारणीचा स्वर, मांडवामागचे कौलारू घर, खाडीचा बांध हे सारे समोर येते. नवी मुंबईच्या विमानतळासाठी उलव्याची टेकडी छाटली गेली, नदीचा प्रवाह वळवला गेला, जुन्या उलव्यासह दहा गावठाणे उठून पुनर्वसनाच्या भूखंडांवर गेली. त्या घरांचे असे हलते-बोलते चित्र नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको महामंडळाच्या दप्तरात मिळणार नाही. उष्मा, प्रकाश व दमट हवा यांनी रंगाचा थर विटतो, आणि एका मर्यादेपलीकडे तबकडीतील दोषनिवारणाची गणिती योजनाही निकामी ठरते. ज्यांच्या घरी या तबकड्या आहेत त्यांनी, वाचणारे यंत्र मिळते आहे तोवर, त्यांच्या नकला अवश्य उतरवून ठेवाव्यात, आणि धवले गाणारी कोण, कोणत्या गावची, हे यावेळी त्यांवर लिहावे.