बोडीत मासे येतात कुठून?



मे संपत आला की आमच्या भंडारा-गोंदियाकडे दोन बियाण्यांची चौकशी सुरू होते. एक धानाचं, दुसरं मासोळीचं. धानाच्या बियाण्यावर आम्ही पत्रकार दरवर्षी रकाने भरतो. कुठे तुटवडा, कुठे बोगस बियाणं, कुठे लिंकिंग. मासोळीच्या बियाण्यावर मात्र चार ओळीही छापून येत नाहीत. म्हणून आज जरा सविस्तर लिहितो. पोस्ट लांब आहे, पण ज्यांच्या शेतात बोडी, शेततळं किंवा घरामागे दोन-तीन गुंठ्यांचा खड्डा आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचावी.

मला सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न असा : "भाऊ, खड्डा खणला, पाणी भरलं, आता मासे किती सोडू?" खरं तर त्याआधी विचारायला हवं की मासे आणणार कुठून? आमच्या भागाचा सगळा मत्स्य-इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो.

आधी बोडीबद्दल. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, बोडी म्हणजे शेताच्या वरच्या अंगाला खोलगट जागा पाहून, एका बाजूने मातीची पाळ घालून अडवलेलं पावसाचं पाणी. तलाव गावाचा, बोडी घरची. तलावांची परंपरा इथे गोंड राजांच्या काळापासूनची. चांद्याच्या गोंड राजाने 'जो तलाव बांधेल त्याला त्या पाण्याखाली भिजेल तेवढी जमीन' असा हुकूम काढल्याचं सांगितलं जातं. ते काम अंगावर घेतलं कोहळी समाजाने. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असं परंपरा सांगते. जमिनीचा उतार डोळ्यांनी मोजायचा, पाळ कुठे वळवायची, पाणी सोडायला तुडूम कुठे बसवायचं, हे ज्ञान कागदावर नव्हतं, हातात होतं. पुढे मालगुजारी आली आणि या तलावांना 'मालगुजारी तलाव' हे नाव चिकटलं.

आता पाहा, या तलावांत आणि बोड्यांत त्या काळी कुणी मासे 'सोडत' नव्हतं. मासे स्वतः यायचे. मृगाचा पहिला मोठा पाऊस पडला, नाले वाहते झाले, सांडव्यावरून पाणी खाली उतरू लागलं की नदीतले मासे त्या पाण्याच्या उलट दिशेने वर चढायचे. चढणीचे मासे म्हणतात ते हेच. धानाच्या बांध्यांतून, नाल्यांतून ते बोडीपर्यंत पोहोचायचे, तिथे अंडी घालायचे. मरळ, शिंगी, देशी मागूर यांसारखे मासे तर कमी पाण्यातही तग धरतात, कारण त्यांना हवेतला प्राणवायू घेता येतो. बोडी नदीला जोडलेली होती म्हणून बोडीत मासे होते. आणि कोणता मासा केव्हा चढतो, कुठे थांबतो, कोणता केव्हा धरायचा नाही, हे धीवर समाजाला ठाऊक होतं.

माशांवर हक्क कुणाचा, हा वादही जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात बांधलेल्या जलाशयातल्या माशांवर राजाची मालकी सांगितली आहे. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' ग्रंथात माशांच्या जाती आणि त्यांना काय खाऊ घालावं याची माहिती येते. म्हणजे तळ्यातला मासा पाळणं ही काही परदेशातून आलेली हौस नाही.

मालगुजारी संपली ती १९५० च्या कायद्याने. १९५१ पासून त्याचा अंमल झाला. तलाव सरकारकडे गेले, लहान तलाव पुढे जिल्हा परिषदांकडे आले, आणि मासेमारी ठेक्याने मच्छीमार सहकारी संस्थांना मिळू लागली. बोड्या मात्र बहुतेक खासगीच राहिल्या.

आता दुसरी गोष्ट बंगालची. रोहू, कटला आणि मृगळ हे तीन मासे आज देशभर तळ्यांत वाढवले जातात. पण त्यांचा एक स्वभाव आहे. तळ्यात ते वाढतात, वजन धरतात, मादीच्या पोटात अंडीही तयार होतात, पण साचलेल्या पाण्यात ती घातली जात नाहीत. त्यांना पूर लागतो, वाहतं पाणी लागतं. पूर नाही मिळाला तर अंडी पोटातच जिरून जातात. मेदिनीपूर-बांकुड्याकडे पावसाचं पाणी झपाट्याने भरणाऱ्या बांधांमध्ये हे मासे अंडी घालत. तेवढं सोडलं तर बीज मिळायचं ते नदीतूनच.

पावसाळ्यात गंगेच्या खोऱ्यातल्या नद्यांना पूर आला की काठाला बारीक जाळी लावून मत्स्यजिरे गोळा केले जात. मत्स्यजिरे म्हणजे नुकती जन्मलेली पिल्लं, नावाप्रमाणे जिऱ्याएवढी. ती हावड्याच्या बाजारात यायची आणि तिथून मातीच्या हंड्यांत भरून रेल्वेने देशभर जायची. हंडीबरोबर माणूस असायचा. त्याचं काम एकच, हंडी सतत हलवत राहायची. पाणी हललं की त्यात हवा मिसळते. हात थांबला की पिल्लं गुदमरली. वाटेत स्टेशनवर पाणी बदलायचं, मेलेली पिल्लं काढायची आणि पुन्हा हलवत बसायचं. हावडा-नागपूर मार्ग आपल्या गोंदियावरूनच जातो, हे लक्षात घ्या.

या बियाण्यात मोठा दोष होता. नदीतून चाळून आणलेलं बीज सरमिसळ असायचं. रोहू म्हणून घेतलेल्या हंडीत शिकारी माशांची पिल्लंही निघायची आणि ती उरलेल्यांना खाऊन टाकायची. आत काय आहे, हे कळायला तीन महिने जायचे.

हे चित्र बदललं १० जुलै १९५७ ला. ओडिशातल्या अंगुल इथे डॉ. हिरालाल चौधुरी यांनी माशाच्या मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून भारतीय कार्प माशांकडून बंदिस्त पाण्यात अंडी घालवून घेतली. ब्राझीलमध्ये १९३० च्या दशकात तिथल्या माशांवर अशी पद्धत यशस्वी झाली होती. पण आपल्या कार्पसाठी ती बसवली ती इथल्या शास्त्रज्ञांनी. डॉ. के. एच. अलिकुन्ही यांचंही नाव या कामाशी जोडलेलं आहे. १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो तो यासाठीच. माशाला पुराची वाट पाहायची गरज उरली नाही. हंडीच्या जागी प्राणवायू भरलेली प्लास्टिकची पिशवी आली. पुढे ग्रंथीच्या अर्काऐवजी तयार संप्रेरकाचं इंजेक्शन आलं, गोल टाक्यांची चिनी पद्धतीची हॅचरी आली.

याच काळात परदेशी मासेही आले. टिलापिया १९५२ मध्ये, चंदेरा आणि गवत्या १९५९ मध्ये. सायप्रिनस त्याही आधी, १९३९ मध्ये उटीला. यातल्या काहींनी उत्पादन वाढवलं, तर टिलापियाने अनेक जलाशयांत देशी माशांची जागा घेतली. थाई मागूर तर २००० सालापासून बंदी असलेला मासा. तरी तो 'लवकर वाढतो' म्हणून चोरून विकला जातो. पुरात बोडी फुटली की तो नाल्यात जातो, आणि मग देशी मासा शोधावा लागतो. कुणी स्वस्तात देतो म्हणाला तरी घेऊ नका.

आता आजच्याकडे येऊ. २०१६ मध्ये राज्यात 'मागेल त्याला शेततळे' योजना आली. १५ बाय १५ पासून ३० बाय ३० मीटरपर्यंत, ३ मीटर खोल, आणि जास्तीत जास्त ५० हजार रुपये अनुदान. योजना सिंचनाची होती, माशांची नव्हती. पण शेततळं झालं की माणूस माशांचा विचार करतोच. आणि इथे जुना प्रश्न नव्याने उभा राहतो. बोडी नाल्याला जोडलेली होती, शेततळं कशालाच जोडलेलं नाही. चारी बाजूंनी बांध, आत प्लास्टिक. त्यात चढून कोणता मासा येणार? तिथे मासा आला तर पिशवीतूनच येणार. म्हणजे शेततळ्याच्या मालकाला दरवर्षी बीज विकत घ्यावंच लागेल. ते वेळेवर, योग्य आकाराचं आणि तालुक्यात मिळतं का?

मी फिरतो त्या गावांत उत्तर बहुधा 'नाही' असंच येतं. दुरून गाडी येते, पिशव्या उतरतात, आकार जिऱ्याएवढा. शेतकरी हजारो पिल्लं थेट मोठ्या पाण्यात सोडतो. बेडूक, पाणकीडे, बगळे आणि शिकारी मासे त्यांचा फडशा पाडतात. दिवाळीत जाळं टाकलं की हाती मूठभर. मग 'आपल्याकडं मासोळी होतच नाही' असं म्हणून विषय संपतो.

हिशेब समजून घ्या. मोठ्या पाण्यात सोडायची असते बोटुकली, म्हणजे साधारण बोटभर लांबीचं पिल्लू. त्याचं प्रमाण हेक्टरी ५ ते १० हजार. म्हणजे गुंठ्याला ५० ते १०० नग. घरामागच्या ३ गुंठ्यांच्या तळ्यात १५० ते ३०० पुरेत. ३० बाय ३० चं शेततळं म्हणजे ९ गुंठे, त्यात ४५० ते ९००. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. तिघं मिळून सोडले तर तिन्ही थरांतलं खाद्य वापरलं जातं.

मातीचं तळं असेल तर आधी माती तपासा. ओल्या मातीचा गोळा करून वर फेका आणि झेला. फुटला नाही तर पाणी धरेल. सोडण्याआधी गुंठ्याला दोन-अडीच किलो चुना टाका. जुन्या बोडीत शिकारी मासे असतील तर मोहाच्या बियांची पेंड वापरा. एक मीटर पाण्याला गुंठ्यामागे २५ किलो. मासे मरतात, दोन-तीन आठवड्यांत तिचा विषारीपणा जातो आणि नंतर तीच खत होते. मोह आपला, धानाचा कोंडा आपला, शेण आपलं. यातलं काहीही बाहेरून आणायला नको. पिशवी आणल्यावर पंधरा-वीस मिनिटं तशीच पाण्यावर तरंगू द्या, आतलं-बाहेरचं तापमान सारखं होऊ द्या, मग तोंड सोडा. उन्हात नाही, सकाळी किंवा संध्याकाळी.

आणि हात जोडून एक विनंती. प्लास्टिकच्या शेततळ्यात पडलेल्याला निसरड्या उतारावरून बाहेर येता येत नाही. चारी बाजूंना गाठी मारलेले दोर आत सोडून ठेवा, एक हवा भरलेली ट्यूब ठेवा, कुंपण करा. मासे नसले तरी चालतील, पण दोर हवाच.

आता मूळ मुद्दा. आपल्या बोड्यांमध्ये पाणी चार-पाच महिने टिकतं. विक्रीचा मासा तयार व्हायला दहा-बारा महिने लागतात. म्हणून बोड्या 'मासेमारीला निकामी' ठरवल्या गेल्या, बुजवल्या गेल्या, बांध्यांत मिसळल्या गेल्या. पण बीजाची बोटुकली व्हायला किती वेळ लागतो? दोन ते तीन महिने! ऑगस्टमध्ये इंचभर पिल्लं गुंठ्याला दोन-तीन हजार या प्रमाणात सोडली आणि नीट सांभाळली तर साठ टक्के तरी जगतात. २० गुंठ्यांच्या बोडीतून ऑक्टोबर-नोव्हेंबरात २४ हजारांहून जास्त बोटुकली निघू शकते. म्हणजे एक बोडी पंचवीस-तीस शेततळ्यांचं बीज पुरवेल. अडचण आहे, नाही असं नाही. धानाला शेवटचं पाणी लागतं तेही त्याच सुमारास. त्यासाठी बोडीच्या एका कोपऱ्यात खोल खड्डा राखावा लागेल, म्हणजे पाणी सोडलं तरी पिल्लं तिथे गोळा होतील. तसंच शेततळ्याच्या मालकाने रब्बीत सगळं पाणी न उपसता किमान दीड मीटर राखलं पाहिजे.

आणि हे बीज सांभाळायचं कुणी? ज्यांना पाणी वाचता येतं त्यांनी. धीवर समाजाच्या संस्था गावोगाव आहेत, पण त्यांच्याकडे तलावाचा ठेका आणि जाळं एवढंच उरलंय. बोडीवाला शेतकरी आणि मच्छीमार संस्था यांनी हंगामापुरता भागीदारीचा करार केला तर दोघांनाही पैसा आहे, आणि शेततळेवाल्याला डोळ्यांसमोर मोजून बीज आहे. हंडीच्या काळात आत काय आहे ते कळत नव्हतं. आज पिशवीतही तेच होत असेल तर १९५७ चा उपयोग काय झाला?

यासाठी नवीन योजना लागत नाही. ग्रामपंचायतीने गावातल्या बोड्यांची यादी करावी. किती आहेत, किती बुजल्या, कुणाच्या आहेत, पाणी किती महिने टिकतं. एवढं एक पान. येत्या ग्रामसभेत हा विषय लेखी द्या आणि पोच घ्या. तुमच्या गावची यादी झाली की मला कळवा, बातमी मी करतो.