तुटलेल्या मज्जातंतूंचा मांडव

सजावटीच्या दिवसांत काच किंवा पत्रा लागून बोट कापणे आपल्याला नवीन नाही. टाके पडतात, जखम भरते. पण बोट बधिरच राहिले, तर ‘होईल हळूहळू’ म्हणून आपण गप्प बसतो. ती मज्जातंतू तुटल्याची खूण असू शकते. तो सांधण्याच्या प्रयत्नांना मोठा इतिहास आहे.

१८५० साली लंडनमध्ये ऑगस्टस वॉलर यांनी बेडकाच्या जिभेचे मज्जातंतू कापून पाहिले. कापल्यापुढचा भाग झडतो, मागचा जिवंत राहतो, असे त्यांना आढळले. या मागच्या टोकातूनच नवे तंतू वेलासारखे फुटतात. त्यांना वाट दाखवणारा मांडव मात्र लागतो.

१८८०च्या सुमारास जर्मन शल्यविशारद ग्लुक यांनी त्यासाठी क्षार काढलेल्या हाडाची नळी वापरली. आत व्रण वाढून प्रयोग फसला. १८८२मध्ये बेल्जियमच्या व्हानलेर यांनी तशाच नळीने कुत्र्याच्या पायातले ३ सेंटिमीटरचे अंतर सांधले. विसाव्या शतकात मात्र रुग्णाच्याच पायातला मज्जातंतू काढून जोडणे रूढ झाले. त्याची किंमत म्हणजे पावलाची एक कड बधिर होते.

१९८०च्या दशकात स्वीडनच्या लुंडबोर्ग यांनी उंदरांमध्ये सिलिकॉनची नळी बसवली. नळीत आधी द्रव साठतो, मग फायब्रिनचा दोर तयार होतो, त्यावरून पेशी सरकतात आणि त्यांच्यामागून तंतू येतात, हे त्यातून उलगडले. पण सिलिकॉन विरघळत नाही; पुढे काही रुग्णांत त्रास झाल्याने नळी पुन्हा काढावी लागली. १९९०मध्ये मॅकिनन आणि डेलन यांनी विरघळणाऱ्या टाक्यांच्याच पदार्थाची नळी बोटांच्या मज्जातंतूंसाठी वापरल्याचे प्रसिद्ध केले. नंतर कोलॅजेनच्या नळ्या आल्या. शाडूच्या मूर्तीप्रमाणे काम झाले की विरून जावे, हाच या पदार्थांचा गुण.

तरीही नळीचा भरवसा साधारण ३ सेंटिमीटरपर्यंतच. मोठ्या अंतराला आजही स्वतःचाच मज्जातंतू लागतो. शिवाय तंतू दिवसाला जेमतेम १ मिलिमीटर वाढतो. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत १८ सेंटिमीटर धरले, तर सहा महिने होतात. तेवढ्यात स्नायू सुकू लागतात, आणि फार उशीर झाला तर ते परत येत नाहीत. म्हणून मांडव घालताना कोणाचे बोट कापले आणि बधिर वाटले, तर आरती होईपर्यंतही थांबू नये. त्याच दिवशी हाताच्या शल्यविशारदाकडे न्यावे. बाप्पा समजून घेईल.