ओळखीचा ताणा

लिंक्डइन २००३ मध्ये सुरू झाले. पण कामाच्या ओळखी जोडायच्या कशा आणि टिकवायच्या कशा, हे सोलापूरच्या पूर्व भागाला त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होते. १८७७ मध्ये शहरात 'जुनी मिल' सुरू झाली, मागोमाग लक्ष्मी, नरसिंग गिरजी, विष्णू या गिरण्या उभ्या राहिल्या. तेलंगणातून पद्मशाली विणकर येत राहिले. नवा माणूस आधी नातलगाच्या घरी पथारी टाकायचा, मग त्याच्याच ओळखीने मागावर बसायचा. ज्याने त्याला आणले, त्याचा शब्द पणाला लागलेला असायचा. नवखा कामात कच्चा निघाला तर शिकवण्याचे कामही त्याच्याच गळ्यात. माझ्या मते त्या गोतावळ्याचे बळ माणसांच्या संख्येत नव्हते, ते या उत्तरदायित्वात होते. आज शेकडो नावे जोडून ठेवलेली असतात, पण त्यांतल्या एकासाठीही आपण शब्द टाकू शकत नाही, तेव्हा नेमके हेच हरवलेले असते.

यावर कोणी म्हणेल, ही तर वशिलेबाजीच. आक्षेप खरा आहे आणि तो झटकून चालणार नाही. गिरण्यांत भरती जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, हाती असे आणि काम मिळवण्यासाठी त्याला दस्तुरी, म्हणजे लाच, मोजावी लागे. मजुरांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटली आयोगाने १९३१ मध्ये भरतीचा अधिकार जॉबरकडून काढून घ्या, असेच सांगितले. जातीची भिंत तर त्याहून कठोर होती. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात दलितांना प्रवेश नसे, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि तो उष्टा होई. पण दोष ओळखीचा म्हणता येत नाही. दार एकच आणि त्यावर पहारेकरीही एकच, तिथे तो दोष आहे.

अशा गोतावळ्याची दुसरी उणीव ऑगस्ट १९४९ मध्ये उघडी पडली. जुनी मिल बंद झाली आणि जानेवारी १९५० मध्ये सरकारला वटहुकूम काढून तिचा कारभार ताब्यात घ्यावा लागला. ज्याच्या ओळखी सगळ्या एकाच खात्यातल्या, त्याने अशा वेळी कुणाचे दार ठोठावायचे? ज्यांच्याशी बोलायचे तेही घरीच बसलेले. म्हणून वेगळ्या धंद्यातल्या, वरवर निरुपयोगी वाटणाऱ्या ओळखीही जपाव्या लागतात. जुने जोड जपण्याचे हे शहाणपण मागावरही दिसते: ताणा संपत आला की विणकर तो पुरता उपसून काढत नाही. फणीतून ओवलेली जुनी टोके तशीच ठेवतो आणि नव्या ताण्याचा एकेक धागा त्यांना गाठ मारून जोडतो. सगळे पुन्हा ओवायचे म्हटले तर दिवस मोडतो.

ओळखी जपण्याच्या दृष्टीने पूर्व भागातल्या बिडी कामगार बायकांची गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. पाने कापून घरी वळलेल्या बिड्या कारखान्यात नेऊन द्यायच्या, तिथे रांगेत भेट व्हायची, मजुरीची बोलणी चालायची. रांगेतल्या या ओळखींची पुढे संघटना झाली, तिला नावांची यादी लागली, आणि घरासाठी सरकारी ओळखपत्र. कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत १०,००० घरे झाली आणि २००६ मध्ये त्यांचे लोकार्पण झाले. २०२४ मध्ये त्याच कुंभारीत रेनगर वसाहतीची १५,००० घरे कामगारांच्या हाती आली.