अब्बांच्या टेबलाचं कातडं

आमचे अब्बा अर्जनवीस होते. नगरच्या कोर्टासमोर बसून त्यांनी चाळीस वर्षं लोकांचे अर्ज लिहिले. त्यांचं टेबल भिंगारच्या छावणीतल्या एका जुन्या बंगल्याच्या लिलावात घेतलेलं. सागवानी, वर तांबूस कातडं, कडेला सोनेरी नक्षी. अब्बांच्या माघारी ते माझ्याकडे आलं. त्यावर लिहायला बसलो की सदऱ्याच्या बाह्या लाल व्हायच्या. कातड्याची भुकटी होत होती.

मला वाटलं, कातडं सुकलंय. एका रविवारी खोबरेल तेल चोळलं. ते काळं पडलं, चिकट झालं. अब्बांचा हात टेकायचा तिथली गुळगुळीत खूण त्या डागात बुडाली. घरात कुणी काही बोललं नाही, याचंच जास्त वाईट वाटलं.

मग मी वाचायला लागलो. या रोगाला इंग्रजीत ‘रेड रॉट’ म्हणतात, म्हणजे लाल कूज. लंडनच्या अथेनियम क्लबातल्या खुर्च्यांचं कातडं झपाट्यानं खराब होत होतं. १८४३ मध्ये मायकेल फॅरडे या शास्त्रज्ञानं त्याचा दोष गॅसच्या दिव्यांना दिला. दगडी कोळशाच्या आणि गॅसच्या धुरातलं गंधक कातड्यात शिरतं, त्याचं आम्ल होतं आणि आम्ल कातड्याचे धागे तोडतं.

पण सगळीच कातडी सारखी कुजत नव्हती. १९०० मध्ये लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सनं याच्या तपासासाठी समिती नेमली. १९०५ मध्ये तिचा अहवाल पुस्तकरूपानं निघाला. सुमाकच्या पाल्यानं कमावलेलं कातडं टिकतं, हिंदुस्थानातून येणारी मेंढ्या-बकऱ्यांची कातडी मात्र पुस्तकबांधणीला नकोत, असा त्याचा रोख होता. ती बहुतेक मद्रासकडची असत आणि तरवडाच्या सालीत कमावलेली असत.

तरवड! नवरात्रात घटाला ज्याच्या पिवळ्या फुलांची माळ घालतात, तो आपल्या माळरानावरचा तरवड. आणि सुमाकच्या गटातलं आपलं झाड कोणतं? हिरडा. अकोले तालुक्याच्या डोंगरात आदिवासी बांधव आजही तो गोळा करतात. नुसतं तरवडाचं कातडं उजेडात लाल पडतं, म्हणून मद्रासकडचे कारागीर शेवटी त्याला हिरड्याचा हात देत. अहवाल निघण्याआधीच ही खोड हातांना ठाऊक होती.

माझे आजोबा गावचे मुलाणी. बकरं कापलं की कातडं ढोर समाजाच्या वस्तीकडे जाई. चुन्याच्या पाण्यात केस सोडवायचे, मांस खरवडायचं, मग सालीच्या पाण्यात आठवडेच्या आठवडे मुरवायचं. मोट, जोडा, ढोलकी, सगळं त्या हातांतून आलं. गावानं वास तेवढा लक्षात ठेवला आणि वस्ती वेशीबाहेर ठेवली. हुन्नर गावातल्या कुणी लिहून ठेवला नाही. कातड्यावर बसून कागद लिहिणाऱ्यांनीही नाही.

सुतार म्हणाला, “कवीसाहेब, फाडून टाकू अन् रेक्झिन लावू. नवंकोरं दिसंल.” मन होईना. कुजलेल्या कातड्याला तेल चालत नाही, पाणी तर त्याहून वाईट. त्यानं ते काळं आणि कडक होतं. जुनी पुस्तकं जपणारे लोक हायड्रॉक्सिप्रोपिल सेल्युलोज नावाची पूड अल्कोहोलमध्ये विरघळवून लावतात. मीही खिडक्या उघडून, जवळपास आग नाही हे पाहून, आधी एका कोपऱ्यावर आणि मग तेल न लागलेल्या सगळ्या भागावर मऊ ब्रशनं पातळ हात दिला. गेलेलं बळ त्यानं परत येत नाही. भुकटी तेवढी बांधली जाते.

आता बाह्या लाल होत नाहीत. डाग मात्र तसाच आहे. लेक विचारते, “अब्बू, हे काय?” मी सांगतो, “झीज तुझ्या आजोबांची, डाग माझा. आणि कातडं ज्यांनी कमावलं, त्यांचं नाव आपल्याला माहीत नाही.”

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)