‘तर’ गेला, अर्धविराम उरला

पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी माझ्या संगणकातले आयसिंग प्रारूप कितीही थंड केले तरी चुंबकत्व धरीना. स्पिनचा प्रत्येक बदल ते निमूटपणे स्वीकारत होते, जणू तापमान अनंत आहे. नऊ दिवसांनी कारण सापडले. बदल स्वीकारण्याची अट तपासणाऱ्या ‘इफ’च्या कंसापुढे एक अर्धविराम पडला होता. अट तपासली जात होती, पण ती खरी ठरल्यावर करायचे होते ते ‘काहीही नाही’. खालचा महिरपी कंसातला भाग अटीपासून सुटून दर वेळी चालत होता. कंपायलरने अवाक्षरही काढले नाही. व्याकरणाच्या दृष्टीने ती चूक नव्हतीच.

1963 साली आयआयटी कानपूरला आलेल्या आयबीएम 1620 वर ज्यांनी फोर्ट्रान गिरवले, त्यांना ही डोकेदुखी ठाऊक नव्हती. अर्धविरामाची गरजच नव्हती; काही न करणारे विधान हवे असेल तर कार्डावर ‘कंटिन्यू’ असा अख्खा शब्द छिद्रांनी उमटवावा लागे.

शब्दाविना रिक्त विधानाची मुभा दिली ती अल्गोल 60 ने. पेटर नाउर यांनी संपादित केलेल्या अहवालात या ‘डमी’ विधानाचा उपयोग सांगितला आहे तो लेबल ठेवण्यापुरता. अर्धविराम तेथे दोन विधानांमधला विभाजक होता. ‘देन’नंतर तो देणे अल्गोलमध्येही वैध होते, पण ‘जर पाऊस आला तर’ एवढे लिहून पूर्णविराम कोण देईल? तो शब्दच लिहिणाऱ्याचा हात धरतो.

बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन यांच्या बी आणि पुढे डेनिस रिची यांच्या सी भाषेत ‘देन’ गळाला, अट कंसात गेली आणि अर्धविराम विधानाच्या शेवटी आला. हा शेवटचा बदल वाईट नव्हता. गॅनन आणि हॉर्निंग यांच्या 1975 च्या प्रयोगात विभाजक अर्धविरामामुळेच अधिक चुका झाल्या होत्या. माझ्या मते घात झाला तो ‘देन’ काढल्याने: कंस मिटला की ओळ संपल्यासारखी दिसते आणि बोट सवयीने अर्धविरामावर जाते.

सीमध्ये रिक्त विधान लागतेही. अक्षरमालेची नक्कल करणारे ‘व्हाइल’ सगळे काम अटीतच उरकते. कर्निगन आणि रिची यांनी असा एकटा अर्धविराम नजरेत भरावा म्हणून तो स्वतंत्र ओळीवर लिहिला. मुद्दाम लिहिलेल्या अर्धविरामाचे त्याने भागते. चुकून पडलेल्याचे काय?

पायथनने 1991 मध्ये ‘पास’ हा शब्द सक्तीचा करून एका अर्थी ‘कंटिन्यू’च परत आणला. माझा तो जुना प्रोग्राम मी परवा क्लँगला दिला. वेगळे काही न सांगताही त्याने नेमक्या त्याच ओळीवर इशारा दिला.