तळटीप : लोणारच्या पाण्याचा गुलाबी रंग

जून 2020 मध्ये लोणार सरोवर (जि. बुलढाणा) गुलाबी दिसले. खारट पाण्यातले हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव आणि त्यांचे रंगद्रव्य, असे कारण पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने दिले. तरीही ‘रंग पाण्यात होता’ हे विधान अर्धेच खरे. रंगद्रव्य प्रकाशातला निळा-हिरवा भाग शोषते. उरलेल्या प्रकाशाला गुलाबी ठरवतात त्या डोळ्यांतल्या तीन प्रकारच्या शंकूपेशी आणि मेंदू. मग याला नुसता भास म्हणावे का? तसेही नाही. भास माणसागणिक बदलला असता; इथे बहुतेकांना एकच रंग दिसला, छायाचित्रांतही उतरला. (कॅमेऱ्याची साक्ष मात्र जपून घ्यावी, तो आपल्याच डोळ्यांच्या बेताने घडवलेला असतो.) लाल-हिरव्यातला फरक न जाणवणाऱ्या रंगांध माणसाला तेच पाणी वेगळे दिसेल, रंगद्रव्य तेवढेच असूनही.