रजईचे भरण

रजई, दुलई, गादी इत्यादींच्या दोन कापडी पदरांमध्ये घालावयाच्या तंतुमय द्रव्यास भरण म्हणतात. रजई स्वतः ऊब निर्माण करीत नाही. भरणाच्या तंतूंत अडकून राहिलेली स्थिर हवा शरीराची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. म्हणून भरणाची परीक्षा त्याच्या वजनावरून नव्हे, तर फुगीरपणावरून आणि दाबल्यावर पुन्हा वर येण्याच्या गुणावरून करावी लागते. जुन्या लुगड्यांचे थर शिवून केलेल्या गोधडीत असे भरण नसते. त्यामुळे सारख्या वजनाच्या रजईपेक्षा ती कमी उबदार असते.

कौटिलीय अर्थशास्त्रात सूत्राध्यक्षाच्या अखत्यारीतील द्रव्यांत कार्पास आणि तूल यांचा वेगवेगळा निर्देश आहे. तूल म्हणजे सावरीसारख्या वृक्षांचा कापूस, असा अर्थ सामान्यतः घेतात. चीनमध्ये कापसाचा प्रसार होण्यापूर्वी रेशमाचा पिंजलेला गाळ वापरीत. यूरोपात पिसांना मान होता. जर्मनीतील हंसांच्या पिसांना रोममध्ये पौंडाला ५ दिनार भाव येई आणि त्यांच्या लोभाने सैनिकांना पहाऱ्यावरून हलवून शिकारीस धाडले जाई, अशी तक्रार प्लिनी (इ. स. २३–७९) याने नोंदविली आहे.

भारतात मात्र कापूस हेच मुख्य भरण राहिले. येथे एक विसंगती ध्यानात घेण्याजोगी आहे. सूतकताईस लांब, तलम धागा लागतो. रजईस आखूड, जाड व ताठर धागा अधिक मानवतो, कारण तो लवकर दबत नाही. गॉसिपियम आर्बोरियम या देशी जातीत हे गुण आहेत. एकोणिसाव्या शतकात लँकाशरच्या गिरण्यांसाठी लांब धाग्याच्या अमेरिकन कापसाचा पुरस्कार झाला आणि कापसातील भेसळ रोखण्यासाठी मुंबई इलाख्यात १८६३ मध्ये कायदाही करण्यात आला. गिरणीच्या मापाने वऱ्हाड-खानदेशातील आखूड धागा हलका ठरला. पांघरुणाच्या मापाने त्याचा विचार कोणी केला नाही. तरीही १९४७ मध्ये देशातील कापसाचे बहुतेक क्षेत्र देशी जातींखाली होते. पुढे अमेरिकन जाती व संकरित वाण आणि २००२ नंतर बीटी वाण पसरले, तशा देशी जाती थोड्या क्षेत्रापुरत्या उरल्या. परिणामी आज रजईत पुष्कळदा गिरण्यांतील टाकाऊ कापूस भरला जातो. तो पांढराशुभ्र दिसतो, पण त्याच्या लवकर गाठी होतात.

कापूस ओलाव्याने व दाबाने बसतो, म्हणून तो काही वर्षांनी पुन्हा पिंजावा लागतो. धनुष्याकृती पिंजणाची तात ठोकून कापूस मोकळा करणारे पिंजारी हिवाळ्याच्या तोंडाशी दारोदार फिरत. यंत्रांनी त्यांचा धंदा बव्हंशी संपविला; धुळीमुळे होणारा फुप्फुसांचा विकार मात्र यंत्रावरील कामगारांनाही चुकला नाही. हलक्या रजयांत जयपूरची रजई प्रसिद्ध आहे. तिच्यात थोडाच कापूस असतो, पण तो बारकाईने पिंजून सारखा पसरलेला असतो आणि जवळजवळच्या टाक्यांमुळे सरकत नाही.

सावरीचा कापूस पोकळ तंतूंचा, हलका आणि पाणी न शोषणारा असतो. परंतु तो ठिसूळ असल्याने रजईपेक्षा उशीस बरा. लोकर उबदार असते, मात्र धुण्यात आटून घट्ट होते. पॉलिएस्टर तंतूचा शोध १९४१ मध्ये इंग्लंडमध्ये लागला. त्याचे भरण धुता येते व लवकर वाळते, त्यामुळे दमट कोकणपट्टीत ते सोयीचे पडते. घाम मात्र ते शोषीत नाही, आणि आगीजवळ वितळून त्वचेस चिकटते. शेकोटीशेजारी निजणाऱ्यांनी कापूसच पसंत करावा.